मास्तरांचे कान

विजयनगरम्
१४ सप्टेंबर १९८१

चि. सौ. हैमवतीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र कुणाचं म्हणून तू आधी खालची सही बघशील. हो, मीच. वरहालम्मा, चयनुलु मास्तरांच्या घरची. अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय तीही तुझ्या आईकडून पत्ता मागून.

मास्तर गेल्याचं तुला आईकडून कळलंच असेल. माघात गेले. तीन दिवस ताप अंगावर काढला. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाले, "वरहालू, जरा पातळ पेज कर." मी पेज घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. एकोणसत्तराव्या वर्षी.

येत्या माघात वर्ष होईल. जुन्या शिष्यांनी मिळून एक कार्यक्रम करायचं ठरवलंय. मास्तरांचा मुलगा सोमयाजुलु हैदराबादेहून येणार आहे, तोच सगळं बघतोय. पुस्तिकाही छापणार आहे. बसून याद्या करताना सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव तुझंच आलं. तुझ्यासारखा हात मास्तरांकडे दुसऱ्या कुणाचा झाला नाही, हे तर तू गेल्यावरसुद्धा लोक बोलत होते. तर तू यावंस, पंधरा मिनिटं व्हायोलिन वाजवावंस, आणि मास्तरांविषयी कृतज्ञतेचे चार शब्द बोलावेस. यायला जमलं नाही तर दोन पानं लिहून पाठव.

मी बरी आहे. मास्तरांच्या आई, म्हाताऱ्या अम्मगारू, जाऊन सहा वर्षं झाली. घर तेच आहे. सकाळी सहा वाजता मुलं येतात, त्यांना शिकवते. हो, फिडेल शिकवते. हसू नकोस.

तुझी,
वरहालक्का

---

खरगपूर
३ ऑक्टोबर १९८१

ति. वरहालक्कास सा. न.

अक्का, तुझं अक्षर पहिल्यांदाच पाहिलं. खरं सांगू? तुला लिहिता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. आणि फिडेल? आम्ही वाजवत असायचो तेव्हा तू पाठीमागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सूप घेऊन डाळ निवडत बसलेली असायचीस. तू शिकलीस कधी, आणि शिकवतेस कशी? हसले नाही, पण पत्र दोनदा वाचलं.

इथे सगळं ठीक. हे रेल्वेच्या कारखान्यात आहेत. दोन मुली. आमच्या गल्लीत निम्मी घरं आपल्याच मुलखातली, त्यामुळे तेलुगू कानावर पडतं आणि गोंगुऱ्याची भाजीही मिळते.

आता तुझ्या निरोपाचं. मी येणार नाही. दोन पानंही लिहिणार नाही.

तू विचारशील का, म्हणून सांगते. मी सहा वर्षं त्यांच्यापुढे बसले. स्वर केसाएवढा खाली गेला तरी ते "खाली!" म्हणून ओरडायचे. "मास्तरांच्या कानाला देव पण घाबरतो," असं आम्ही म्हणायचो. रेडिओच्या परीक्षेला जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना सगळं वाजवून दाखवलं. वर्णम, आलापन, वरच्या षड्जावरचं ते अवघड काम. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर. जा."

परीक्षेत चौथ्या मिनिटाला मला थांबवलं. परीक्षकांतले एक म्हातारे बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाले, "पोरी, वरच्या सप्तकात तुझं प्रत्येक बोट खाली पडतंय. तुझ्या गुरूंनी तुला कधी सांगितलं नाही?"

अक्का, त्या माणसाला मी काय उत्तर द्यायचं होतं?

घरी आले आणि आठवडाभरात कळलं की मास्तरांनी शिकवणंच बंद केलं. मला एक शब्द नाही. एकदा आमच्या दारात आले होते. मी खिडकीतून पाहिलं, बाहेर गेले नाही. बाबांशी दोन मिनिटं बोलून गेले. बाबा म्हणाले, "त्यांची कसली वही तुझ्याकडे राहिलीय, ती मागायला आले होते." वही! मग माघात माझं लग्न झालं.

त्यांना माझा कंटाळा आला होता, की मुलीच्या जातीला पुढे जाऊन काय करायचंय असं वाटलं, देव जाणे. पण खोटं "बरोबर" म्हणणाऱ्या माणसाविषयी कृतज्ञतेचे चार शब्द माझ्याकडे नाहीत. रागावू नकोस. तुझ्यावर माझा राग नाही.

हैमा

---

विजयनगरम्
१९ ऑक्टोबर १९८१

चि. हैमास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मुलांना परत पाठवलं.

हैमा, मास्तरांना ऐकू येत नव्हतं.

मी हे आजवर कुणाला बोलले नाही. सोमयाजुलुलासुद्धा माहीत नाही. तुझ्या परीक्षेच्या दीड-दोन वर्षं आधीपासून त्यांचे कान जायला लागले होते. बोलणं कळायचं, खालचे स्वर कळायचे, पण वरचे स्वर त्यांना धुरातून आल्यासारखे यायचे. एका वैद्याला दाखवलं, मग विशाखपट्टणमला डॉक्टरला. त्याने हात टेकले. शाळेतली नोकरी होती, अम्मगारू अंथरुणाला खिळलेल्या. बहिऱ्या संगीत मास्तराला कोण ठेवणार?

तू विचारलंस मी शिकले कधी. मी त्या घरी स्वयंपाकाला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, कपाळ पुसून वर्ष झालं होतं. चुलीपाशी मी तुमचं ऐकलेलं गुणगुणायची. एकदा मास्तर पाणी प्यायला आत आले आणि तसेच उभे राहिले. म्हणाले, "पुन्हा म्हण." त्या दिवसापासून तुम्ही सगळे गेलात की चुलीपुढे पाट टाकून मला गाणं शिकवायचे. पाटी-पेन्सिलही त्यांनीच आणली. "कान आहे तुला," म्हणायचे, "अक्षर नसलं तर कान वाया जाईल."

त्यांचे कान गेले तेव्हा त्यांनी माझे घेतले. मी तुमच्या पाठीमागे, त्यांच्या समोर बसायची. सुपात डाळ निवडत असायची. हात चालत असला की स्वर बरोबर. हात थांबला की खाली. डाळ पाखडली की स्वर वर चढलाय. तुम्ही मुली म्हणायचात मास्तर तुमच्याकडे बघत नाहीत, दाराकडे बघतात. ते माझा हात बघायचे.

तू वाजवून दाखवलंस त्या दिवशी मी घरी नव्हते. चंदनोत्सवाला सिंहाचलमला गेले होते. मास्तरांनी अंदाजाने "बरोबर" म्हटलं असणार. आता त्यांच्यावर राग धरू नकोस. ये.

वरहालक्का

---

खरगपूर
५ नोव्हेंबर १९८१

ति. अक्कास सा. न.

पत्र हातात धरून मागच्या पायरीवर बसले होते. धाकटी विचारत राहिली, "अम्मा, कोण मेलं?" कुणी नाही म्हटलं. पण अकरा वर्षं ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या तो माणूस त्या दिवशी माझ्यापुरता मेला, आणि दुसराच कुणी समोर आला. डोळे मिटून ऐकणारे मास्तर! मला वाटायचं तल्लीन झालेत.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. म्हणून आईला लिहून विचारलं, मास्तर खरंच वही मागायला आले होते का? तिचं उत्तर अजून यायचंय.

पण अक्का, एक गोष्ट मला बोलल्यावाचून राहवत नाही. चंदनोत्सव असतो वैशाखात. माझी परीक्षा दसऱ्यानंतर होती. मंगळवारी आपल्या ग्रामदेवतेचा, पैडितल्ली अम्मवारीचा सिरिमानु उत्सव झाला, गावात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी बुधवारी मी मास्तरांना वाजवून दाखवलं. निघताना तू माझ्या हातात केळीच्या पानात बांधलेली पुलिहोर दिलीस, गाडीत खायला. त्या चिंचेच्या भातात शेंगदाणे जरा जास्तच होते, मला आवडतात म्हणून.

तू घरातच होतीस. उंबऱ्याशी होतीस.

इतक्या वर्षांनी माणूस विसरतं, असंही असेल. तसं असेल तर तसं लिही. मी मानेन.

हैमा

---

खरगपूर
१२ डिसेंबर १९८१

अक्का, पाच आठवडे झाले. पत्र मिळालं नाही असं होणार नाही, आपल्या गावचं टपाल इतकं वाईट नाही. आईचं उत्तर आलं. ती म्हणते, "वही-बिही काही नव्हतं. मास्तर उन्हात उभे राहून तुझ्या बाबांना सांगत होते, मला मुलीची क्षमा मागायचीय. बाबा म्हणाले, लग्न ठरतंय, आता घरात फिडेलचं नाव नको."

कशाची क्षमा, हे तिला माहीत नाही. तुला आहे. लिही.

हैमा

---

विजयनगरम्
२ जानेवारी १९८२

हैमा,

आशीर्वाद लिहायचा माझा अधिकार नाही, म्हणून लिहीत नाही.

मी घरी होते. तुझ्या पाठीमागे सूप घेऊन बसले होते. हरभऱ्याची डाळ होती. तू वरच्या षड्जावर गेलीस आणि बोट खाली पडलं. फार नाही, पण पडलं. परत गेलीस, परत पडलं. मास्तरांनी डोळे किलकिले करून माझ्याकडे बघितलं. माझा हात चालत राहिला.

मी ठरवून चालू ठेवला. विसरून नाही.

त्याच्या आदल्या दिवशी, सिरिमानुच्या गर्दीतून तू काकिनाड्याच्या आत्याला मास्तरांच्या घरी घेऊन आली होतीस. मी ताक दिलं. आत्याने विचारलं, "ही कोण ग?" तू म्हणालीस, "ही? स्वयंपाकाची. हिला यातलं काय कळतंय!" आत्या हसली. तूही हसलीस. मी रिकामे पेले उचलून आत गेले.

दोन वर्षं तुझा एकेक स्वर मी उभा केला होता, हैमा. मास्तर "खाली!" म्हणायचे ते माझं होतं. रेडिओवर तुझं नाव घेणार होते, त्यांचं नाव घेणार होते. मला सूप. मनात आलं, हिला काही कळत नाही ना, मग एक दिवस खरंच काही कळायला नको. एवढंच. तुझं आयुष्य मोडेल असं वाटलं नव्हतं. वाटलं होतं, एकदा नापास होईल, परत बसेल. पण हे मी माझी बाजू मांडायला लिहीत नाही. तुझ्या हातात पुलिहोर देताना सांगता आलं असतं. तू म्हणालीस, "अक्का, देवाला नमस्कार कर माझ्यासाठी." मी म्हटलं, "करते." दार लावलं.

तू परत आल्याचं कळलं, तेव्हा मास्तरांनी मला समोर बसवून विचारलं, "वरहालू, त्या दिवशी तिचा वरचा षड्ज कसा होता?"

मी सांगितलं. सगळं. आत्याचं बोलणंही.

मला वाटलं हाकलतील. मी ट्रंक भरली होती. ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेत राजीनामा दिला. तुझ्याकडे गेले. परत आल्यावर मी पाणी नेलं तर म्हणाले, "तिच्या बापाने भेटू दिलं नाही. तो चुकला नाही. कान माझे गेले होते. ते मी कबूल करायला पाहिजे होतं. मी ते लपवून तुझ्या सुपात ठेवले, आणि तू माणूस आहेस हे विसरलो."

मी रडायला लागले, तर म्हणाले, "रडणं बंद. उद्यापासून सूप खाली ठेव आणि फिडेल उचल. ज्या कानाने त्या पोरीचा घात केला त्याच कानाने शिकवायचंय तुला. आडून नाही. समोर बसून, तोंडावर, मोठ्याने सांगायचं. जन्मभर."

दहा वर्षं त्यांनी मला शिकवलं. पुढे तर काहीच ऐकू येईना. माझी बोटं बघून, फिडेलच्या लाकडावर हात ठेवून शिकवायचे. जे काही मी आज आहे ते त्यांनी केलं. आणि ते मला मिळालं कारण तुझं गेलं. मी रोज सकाळी मुलांपुढे बसते ती हे आठवूनच.

तुला कार्यक्रमाला बोलावलं तेव्हा वाटलं होतं, तू येशील, चार चांगले शब्द बोलशील, आणि माझं निभावेल. मास्तर असते तर थोबाडीत दिली असती.

वरहालम्मा

---

खरगपूर
२० जानेवारी १९८२

श्रीमती वरहालम्मागारू यांस,

पत्र मिळालं. पुढे मला पत्र पाठवू नये. कार्यक्रमाबद्दल तुम्हाला व सोमयाजुलुगारूंना जे योग्य वाटेल ते करावं. त्याच्याशी माझा संबंध नाही.

हैमवती

---

विजयनगरम्
१६ फेब्रुवारी १९८२

हैमा,

लिहू नकोस म्हणालीस, तरी हे एकच लिहिते. यानंतर नाही.

परवा कार्यक्रम झाला. शंभरेक माणसं होती. सोमयाजुलुने माझं नाव शेवटी घातलं होतं, "मास्तरांची अखेरपर्यंत सेवा करणाऱ्या" म्हणून. आधीच्या सगळ्यांनी मास्तरांच्या कानाचंच कौतुक केलं. कुणी म्हणालं, केसाएवढा स्वर. कुणी म्हणालं, देवाची देणगी. मी उभी राहिले आणि सांगितलं. कान केव्हा गेले, सूप कसं होतं, तुझ्या वेळी मी काय केलं, आणि मास्तरांनी मग काय केलं. तुझं नाव घेतलं नाही, "एक मुलगी" म्हटलं. पण जुन्यांना कळलं.

आवाज बसला होता. मागच्या रांगेतून कुणी ओरडलं, "मोठ्याने बोला!" मोठ्याने बोलले.

सोमयाजुलु मधेच उठून माझ्याजवळ आला. "वरहालम्मा, नान्नगारूंच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या तोंडाला काळं फासतेस? त्यांच्या अन्नावर जगलीस तू!" मी म्हटलं, "बाबू, म्हणूनच." तो निघून गेला. पुस्तिकेचे गठ्ठे तिथेच टाकून गेला. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिवीही दिली नाही. लोक चपला शोधत बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरातली चार मुलं आली. एकीची आई दारात उभी राहून म्हणाली, "आम्हाला काही म्हणायचं नाही, पण घरात बोलणी बसतात." आज पाच आली. बघू.

घरही सोमयाजुलुचं आहे. तो काय करील ते करो. मी इथेच जवळपास कुठेतरी दोन खोल्या बघेन.

मास्तरांचा मान मी वाढवला की घालवला, मला खरंच कळत नाही. तुझ्याकडे कौल मागत नाही. तुला कळावं एवढंच.

वरहालम्मा

---

खरगपूर
२८ मार्च १९८२

वरहालक्का,

तुझं पत्र येऊन महिना झाला. तीनदा उत्तर लिहिलं, तीनदा फाडलं. तिन्ही वेळा तुला टोचेल असं काहीतरी लिहिलं होतं आणि ते वाचून मलाच बरं वाटत होतं, म्हणून फाडलं.

आत्याशी बोललेलं मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. ताक आठवतं, आत्याची जांभळी साडी आठवते, ते वाक्य आठवत नाही. पण मी म्हटलं असणार. तसंच म्हणायचो आम्ही. तरीही, अक्का, एका वाक्याची ही शिक्षा नव्हे. माफीचं तू लिहिलं नाहीस हे बरं केलंस. ती माझ्याकडे नाही, आणि लोकांना दाखवायला आणून देणार नाही.

बाबांवरचा राग कुठे ठेवू, तेही कळत नाही. फोटोशी कोण भांडणार?

मास्तरांविषयी मात्र आता बोलता आलं असतं. मी काय बोलले असते ते सांगते. एकोणसाठ वर्षांचा माणूस, ज्याच्यापुढे अख्खं गाव मान खाली घालायचं, तो भर दुपारी एका गिरणीच्या गुमास्त्याच्या दारात उभा राहिला, वीस वर्षांच्या मुलीची क्षमा मागायला. ती खिडकीआड उभी राहून बघत राहिली आणि बाहेर आली नाही. तरी तो घरी गेला आणि ज्या बाईने त्याला फसवलं तिला शिकवायला बसला. असा माणूस मला सहा वर्षं मिळाला होता. एवढंच. दोन पानं भरली नसती.

फिडेल ह्यांनी कलकत्त्याला नेऊन दुरुस्त करून आणलं. मुली शाळेत गेल्या की अर्धा तास बसते. बोटं लाकडासारखी झालीत. वरच्या षड्जाला बोट टेकते आणि थांबते, कारण ते बरोबर आहे की खाली, हे मला कळत नाही. इतक्या वर्षांत मला ते कुणी सांगितलेलंच नाही. इथे विचारायला कुणी नाही. आणि तिथे आता एकच माणूस आहे.

वैशाखात मुलींच्या शाळा सुटल्या की तीन आठवडे येते. आईकडे उतरेन. तुझ्याकडे पाणीही पिणार नाही, इतक्यात तरी नाही. गप्पा नकोत, रडारड नको. सकाळी सहाला मुलांबरोबर बसेन, सगळ्यांत मागे. माझी पाळी आली की समोर बोलाव.

स्वर खाली गेला तर सगळ्यांच्या देखत सांग. मोठ्याने सांग.

हैमा